आभार न मानणारा पाहुणा

माझ्या पत्नीच्या तक्रारीचा तपास लवकरच बंद करण्यात येईल, असे आम्हांस तालुक्याच्या गावाहून कळविण्यात आले, त्या वेळी ओर्फेलिना चुलीपाशी बसून बटाटे किसत होती. मी तो निरोप तिला सावकाश, शब्द न शब्द उच्चारून सांगितला. तिची किसणी थांबली नाही. "बरं," एवढेच ती म्हणाली, आणि तिने पुढचा बटाटा हाती घेतला.

वाचकांस आमची परिस्थिती ठाऊक असणे आवश्यक आहे. मी व्यवसायाने पाणबुड्या असून, वर्षातील बराच काळ दक्षिणेकडील बेटांपाशी समुद्रतळाचे शंखशिंपले काढण्यात घालवितो. माझे शिक्षण सहाव्या इयत्तेत संपले; उर्वरित जे काही आहे, ते होडीच्या कोठडीत कंदिलाच्या उजेडी वाचलेल्या पुस्तकांचे देणे होय. गेल्या हिवाळ्यात मी असाच दक्षिणेस असता, एलेआसार बारिया ह्या इसमाने आपल्या जाळ्यांच्या कोठारात माझ्या पत्नीवर बलात्कार केला. आमच्या खाडीतील शिंपल्यांची शेती त्याच्या मालकीची आहे आणि ओर्फेलिना त्याच्याकडे शिंपले धुण्याच्या कामास जात असे. आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्यास तिला हातांवर घेऊन उभा राहिलेला धर्मपिता तोच. आमच्याकडे अशा मनुष्यास 'कोम्पाद्रे' म्हणतात, तो मुलीच्या आईस 'कोमाद्रे' म्हणतो, आणि त्याचे नाते सख्ख्या भावाहून तसूभरही कमी मानीत नाहीत.

मी परतल्यावर तिने मला सांगितले. सांगितले म्हणजे, मी ओले मोजे वाळत घालीत असता, पीठ संपल्याचे सांगावे तशा स्वरात तिने ते उच्चारले. दुसऱ्याच दिवशी आम्ही फेरीबोटीने जाऊन तक्रार नोंदविली.

पहिला तपासनीस राजधानीतून आलेला, तरुण आणि नीटनेटका गृहस्थ होता. त्यास सर्व काही क्रमाने हवे असे. आधी दार लागले की आधी दिवा गेला? किती वाजले होते? तुम्ही ओरडला का नाहीत? ओर्फेलिनाने एकदा दार आधी सांगितले, एकदा दिवा. वेळ तिला सांगताच आली नाही. त्याने हे सारे 'विसंगत' ह्या सदरात घातले. नंतर त्याने क्लोरिंदा मावशीस गाठले. ह्या मावशी माझ्या दिवंगत आईच्या बहीण, आमच्या शेजारी राहतात आणि घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या होत्या. त्यांच्याकडून त्यास कळले की, त्या सकाळी एलेआसार आमच्या घरी आला होता, चुलीपाशी बसला होता, आणि माझ्या पत्नीने त्यास स्वहस्ते माते, म्हणजे भोपळ्याच्या पेल्यातून नळीने प्यावयाचा आमचा कडू चहा, पाजला होता. एकदा नव्हे, अनेकदा.

"बलात्कार करणाऱ्याला सकाळी चहापाणी?" त्या गृहस्थाने मला विचारले होते. "तुम्हीच सांगा, रोसेंदो, हे पटतं का?"

घरी आलेल्यास चुलीपाशी बसवून माते देणे हे आमच्या बेटावर श्वासोच्छ्वासासारखे आहे, हे मी जाणतो; परंतु ते शब्दांत मांडावयास गेलो की ते लंगडे पडत होते.

तपास बंद होण्याच्या त्या निरोपानंतर थोड्याच दिवसांत एका बाईंचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, मी निरीक्षक इवोन पायलालेफ, आधीचे साहेब बदलून गेले, कागद माझ्याकडे आले आहेत. त्यांनी माझ्याशी फार बोलणे केले नाही. ओर्फेलिनाशी बोलावयाचे आहे, म्हणाल्या. मी यंत्र तिच्या कानाशी धरले, कारण तिचे हात पिठाचे होते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे मला ऐकू आले.

"ओर्फेलिनाबाई, परत बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. पण मग हा तपास बंद होईल, तेवढं मी लपवत नाही."

"एकदाच बोलीन," ओर्फेलिना म्हणाली. "परत परत नाही."

"मी एकदाच विचारीन आणि ते चित्रित करून ठेवीन, म्हणजे आमच्या कचेरीत दुसरं कुणी विचारणार नाही. पण खटला उभा राहिला, तर कोर्टात पुन्हा बोलावं लागेल. ते टाळायचं वचन मला देता येत नाही."

"बाकीच्यांनी हे सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"कुठे बसून बोलायचं?"

हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. तिने शाळेचे भोजनगृह सांगितले. शनिवारी तेथे कोणी नसते, आणि खिडकीतून धक्का आणि आल्यागेल्या होड्या दिसतात. आपल्या घरी नको, म्हणाली, चूल नको.

शनिवारी बाई आल्या, त्यांच्यासमवेत चित्रण करणारी एक अबोल मुलगी होती. निरीक्षक बाई ठेंगण्या, पन्नाशीच्या आसपासच्या, आमच्याच भागातल्या. त्यांनी ओर्फेलिनास खुर्ची निवडावयास सांगितली. ओर्फेलिनाने धक्का दिसेल अशी निवडली आणि मी खोलीत असावे, मात्र तिला दिसू नये, असे सांगितले. त्यामुळे मी तिच्या मागे, शाळकरी मुलांच्या बुटक्या बाकावर बसलो. मला तिची वेणी आणि मानेवरील बारीक केस तेवढे दिसत होते. बाईंनी मला बजाविले, "रोसेंदो, तुम्ही आज फक्त बसायचं. मान हलवायची नाही, खोकायचंही शक्यतो नाही. जमेल?" मी होकार दिला.

"ओर्फेलिनाबाई, 'माहीत नाही' हेही उत्तरच आहे. 'आठवत नाही' हेही. थांबावंसं वाटलं की हात वर करा. सुरुवात कुठूनही करा, जे आधी येईल तिथून."

बाईंनी घाई केली नाही. त्यांनी खिडकीबाहेरील होड्यांकडे पाहिले, तीही तिकडेच पाहत होती.

"किटलीपासून केली तर?" ओर्फेलिनाने विचारले.

"चालेल."

"सकाळची गोष्ट आहे ती. आदल्या दिवशीची नाही."

"चालेल की."

त्यावर तिने जे सांगितले, ते मी येथे जसेच्या तसे देतो, कारण त्यात माझी भर घालणे मला उचित वाटत नाही.

"तो आला आणि बसला. कोम्पाद्रे आहे, दारातून परत कसा लावायचा? मावशी होतीच बसलेली, यीस्ट मागायला आलेली. मी माते भरला. मावशीला दिला, त्याला दिला. मावशीने दोनतीनदा घेतला आणि 'आभार' म्हणाली, म्हणजे तिचं झालं. त्याने पिऊन भोपळा परत दिला, पण आभार नाही म्हणाला. म्हणजे अजून हवा. मी भरला. त्याने प्यायला. परत दिला. आभार नाहीच म्हणाला. माझ्याकडे बघत होता नुसता. मी भरला."

"मग?"

"भरत राहिले. तो म्हणत नाही तोवर भरायचा असतो."

बाईंनी 'का' असे विचारले नाही. पहिल्या तपासनिसाने निश्चित विचारले असते. त्यांनी एवढेच विचारले, "तेव्हा अंगाला काय जाणवत होतं?"

"काही नाही." ओर्फेलिनाने उजवा हात पुढे केला असावा, कारण चित्रण करणारी मुलगी किंचित वाकली. "किटलीच्या कानाला फडकं नव्हतं. लोखंडी आहे, चुलीवर तापते. मला कळलंच नाही. मावशी किंचाळली, 'अगं बये, हात भाजतोय, सोड!' मग सोडली. तिनं बटाटा कापून तळव्यावर बांधला. तेव्हाही दुखलं नाही. अजून नाही दुखत."

पाणबुड्यांस एक आजार जडतो. तळाहून अतिशय लवकर वर आल्यास रक्तात वायू अडकतो आणि एखादा अवयव बधिर होतो. माझा डावा पाय गुडघ्याखाली तसा आहे. त्यावर खेकडा चढला तरी मला दृष्टीने कळते, स्पर्शाने नव्हे. त्या पायास माझा म्हणावयास मला कित्येकदा संकोच होतो. बाकावर बसून मी त्या पायाकडे पाहत राहिलो. मला राग येईल अशी मी वाट पाहिली. तो आला नाही. भोजनगृहात कोबीचा शिळा वास होता, एवढेच मला जाणवले.

"त्याचं पिणं संपलं कसं?" बाईंनी विचारले.

"संपलंच नाही. भोपळा चुलीच्या कडेला ठेवला आणि उठला. म्हणाला, 'छान जमतंय तुला, कोमाद्रे. असंच राहू दे.' आणि गेला."

तेथून ती मागे गेली. आपोआप गेली, कोणी ओढले नाही. कोठाराविषयी तिने जे सांगितले, त्यात दार आणि दिवा ह्यांचा क्रम पुन्हा उलटसुलट झाला आणि बाईंनी तो सुधारून घेतला नाही. डिझेलचा वास, त्याच्या स्वेटरची ओली बाही, पाठीखालचे बोये. कोपऱ्यातील रेडिओवर बेटांसाठीचे निरोप चालू होते. "आल्ताग्रासिया नावाच्या कुणा बाईला निरोप होता, की नवऱ्याची शस्त्रक्रिया झाली, घोंगडी आणि चपला पाठव. मी त्या चपलांचाच विचार करत होते. कोणत्या चपला, ते सांगायला हवं होतं ना? घरात दोन जोड असले तर?"

येथे तिने हात वर केला. बाईंनी तात्काळ मुलीस चित्रण थांबवावयास सांगितले. पाणी आणविले. नंतर ओर्फेलिनाने आणखी बोलावयाचे नाही असे सांगितले आणि बाईंनी आग्रह केला नाही.

त्याच दुपारी बाई क्लोरिंदा मावशींकडे गेल्या. तेथे मी नव्हतो. परंतु मावशींच्या पोटात काहीही राहत नसल्याने संध्याकाळी त्या आमच्या कुंपणाशी उभ्या राहून मला सर्व सांगू लागल्या.

"ही बाई बरी आहे रे, रोसेंदो. मला म्हणते, त्या सकाळी काय काय दिसलं ते सांगा. दिसलं! तुझ्या त्या राजधानीच्या चिकण्याने मला काय विचारलं होतं? माते दिला, हो की नाही? मी म्हटलं हो. झालं! वही मिटली, माझे बटाट्याचे दोन मिलकाओ खाल्ले आणि निघून गेला."

"मावशी, आभाराचं सांगितलंत का?"

"सांगितलं तर! मी म्हटलं, बाई, मी तीनदा घेऊन आभार म्हटलं, माणसाने लाजेने म्हणायला हवं की नाही? पण हा मेला, पितोय, परत देतोय, पितोय, परत देतोय. माझ्या मनात आलं, ह्याच्या घरी पाणी तापत नाही की काय? पोरगी किटली धरून उभी, डोळे असे, मेलेल्या माशासारखे. मला वाटलं ताप आलाय." कुंपणाची तार त्यांनी दोन्ही हातांनी धरली. "आणि जाताना म्हणाला ते मी ऐकलं. असंच राहू दे. मला वाटलं, मातेचं कौतुक करतोय. गाढव आहे मी."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, मावशी?"

"गप रे. मला समजावू नकोस. रडू येत असेल तर रड, नाहीतर घरात जा."

मला रडू आले नाही. मी घरात गेलो.

पुढील आठवड्यात बाईंनी रेडिओ केंद्राकडे चौकशी केली. आल्ताग्रासिया बाईंचा तो निरोप केंद्राच्या ध्वनिमुद्रणात सापडला, आणि तो ज्या वेळेस वाचला गेला, त्या वेळी आपण फेरीबोटीवर होतो असे एलेआसार आधीच्या तपासनिसास सांगून बसला होता. त्या वेळची फेरीबोट वाऱ्यामुळे सुटलीच नव्हती. धक्क्यावरील कोणीही हे सांगू शकला असता. परंतु नेमकी कोणती वेळ तपासावयाची, हेच आजवर कोणास ठाऊक नव्हते. एलेआसारास एका सकाळी अटक करून नौदलाच्या होडीतून नेण्यात आले. धक्क्यावर माणसे जमली होती. कित्येकांनी आम्हांकडे पाहून पाठ फिरविली, कारण ह्या खाडीत निम्म्या घरांची मजुरी एलेआसारकडून येते. एक बाई ओर्फेलिनास ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आता शिंपले कोण घेणार, ही घेणार का?" ओर्फेलिनाने तिच्याकडे पाहिले आणि पाहून झाल्यावर मान वळविली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. सुटका झाल्याचेही नव्हते.

त्यानंतर बाईंचा पुन्हा दूरध्वनी आला. ह्या खेपेस ओर्फेलिनाने यंत्र स्वतःच घेऊन ते मेजावर ठेविले, जेणेकरून मलाही ऐकू यावे.

"बंद करण्याचा आदेश रद्द झाला," बाई म्हणाल्या. "सरकारी वकील खटला चालवणार आहेत. तुम्हाला कोर्टात बोलवतील, ओर्फेलिनाबाई. जायचंच असं नाही. पण गेलात, तर खटल्याला आधार होईल."

"तो असेल तिथे?"

"असेल."

"समोर?"

"एकाच खोलीत. पण मधे पडदा लावा असं मागता येतं. मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. दिलाच पाहिजे असंही नाही, न्यायाधीशांवर आहे."

ओर्फेलिनाने मेजावरील पिठाचे कण बोटाने एका जागी गोळा केले. बाहेर वाऱ्याने वाळत घातलेली चादर तारेवर गुंडाळली जात होती आणि तिचे लक्ष तिकडे गेले.

"मिळाला नाही तर मी परत येईन," ती म्हणाली. "दारातूनच."

"हेही कळवते त्यांना. तुमचं म्हणणं म्हणून."

"मग मागा."

ती उठून चादर काढावयास गेली. मी यंत्रापाशी बसून राहिलो. पलीकडे बाई कोणास तरी पडद्याविषयी सांगत होत्या, जाड हवा, पातळ नको, आरपार दिसता कामा नये. आणि कोणीतरी तो कोठून आणावयाचा असे विचारीत होते.