भिऊ नकोस म्हणणारा हात

आज मूर्तिकारीण सकाळपासून नुसती भिंगरी झाली होती. पाच वाजता प्रार्थनागृहाच्या विश्वस्तबाई येणार, मातीची मूर्ती बघणार. पसंत पडली तर ती ब्राँझमध्ये ओतायची. नाही पडली तर काम चुलतभावाकडे. तो मेला टपूनच बसला होता! वडिलांच्या मागे तिच्या एकटीच्या नावावर आलेलं हे पहिलं मोठं काम, आणि घोडं अडलं होतं एका उजव्या हातावर.

अभयमुद्रा! तळवा समोर, बोटं वर. ‘भिऊ नकोस, मी आहे,’ एवढंच त्या हातानं सांगायचं. पण नवऱ्यानं आत डोकावून निकाल दिला, “चौकातला पोलीस वाटतोय गं. मी तर बाबा ब्रेकच दाबला!”

“तू तोंड आवर,” ती म्हणाली. पण खोटं कुठं होतं? चार वेळा हात मोडला, चार वेळा घडवला. शिल्पशास्त्राच्या पोथीतलं माप तंतोतंत, बोटं सरळसोट, आणि हात आपला म्हणतोय, ‘खबरदार, पुढं आलास तर!’

साडेतीनला ती मूर्तीचा खांदा ओला करायला परांचीच्या फळीवर चढली. फळी सटकली. बाईसाहेब परांचीच्या चौकटीला लोंबकळत किंचाळल्या.

सासूबाई धावत आल्या. चाळीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या त्या. सुनेशी एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य, पण आता त्यांनी उजवा हात वर केला. “काही नाही, काही नाही. पाय खाली सोड. मी आहे ना.”

पाय टेकले. सुनेचा जीव भांड्यात पडला, आणि नजर त्या हातावर खिळली. अरे देवा, बोटं ताठ नव्हतीच! जराशी वाकलेली, करंगळी सैल, तळवा खोलगट.

“सापडलं! आई, हलायचं नाही!”

“अगं, गॅसवर दूध आहे!”

“जाऊ दे उतू!”

दूध गेलं उतू. सासूबाई दीड तास हात तसाच वर धरून उभ्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. सुनेला ऐकू येत होतं कुठं? तिची बोटं मातीत नाचत होती. इतकी खूश ती लग्नातही नव्हती.

पाचला विश्वस्तबाई आल्या, टेप आणि मापांचा कागद घेऊन.

“बोटं मापात नाहीत,” त्या लांबूनच म्हणाल्या.

विश्वस्तबाई आणखी जवळ गेल्या. टेप उघडायचा राहूनच गेला.

“उद्या माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे,” त्या एकदम म्हणाल्या. “मी इथं जरा बसू का?”

सासूबाईंनी खुर्ची पुढं केली. विश्वस्तबाई त्या हाताकडे बघत बराच वेळ बसून राहिल्या. मग डोळे पुसून उठल्या.

“असाच ओता,” त्या म्हणाल्या. “मापाचं मी बघते.”

त्या दाराबाहेर पडताच सून मातीच्या हातांनी सासूबाईंच्या गळ्यात पडली.

“कपडे, कपडे माझे!” सासूबाई ओरडल्या. पण सुनेला त्यांनी सोडलं नाही.