साडेसातची अंतर्यामी

मनिषाला पुढचं दिसतं, ही गोष्ट बेळगावात कुणालाच ठाऊक नव्हती. नाशिक, सातारा, पुण्यात मात्र ती चांगलीच पसरली होती.

वडगावातल्या त्या घरात पुढच्या सोप्यात दोन माग खडखडत असायचे, मधल्या खोलीत सासूचा टीव्ही आणि मागं स्वयंपाकघर. या तिन्हींतून वाट काढत मनिषाचा दिवस जायचा. तिचं माहेर खानापूरकडचं, भातशेतीचं. बारावी झाली, लग्न झालं, आणि त्यानंतर तिचं मत म्हणून कुणी विचारलं नव्हतं. घरचे वाईट होते असं मुळीच नाही. नवरा परशराम आपला माग भला आणि आपण भला अशा स्वभावाचा, सासू यल्लव्वा तोंडाची फटकळ पण मनाची मोकळी. पण आज आमटी कशाची इथपासून यात्रेला कधी निघायचं इथपर्यंत सगळं आधीच ठरलेलं असायचं, आणि मनिषाला ते नुसतं कळायचं.

मग राहिला फोन. साडेसातच्या एका मराठी मालिकेच्या पानाखाली बायका तावातावानं भांडायच्या. भांडता भांडता सात-आठ जणींचं मेतकूट जमलं आणि त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘चहा झाला का?’ सकाळी कुणाचा गॅस ऐन नाश्त्याच्या वेळी संपला, कुणाच्या पोरानं डब्यातली मेथी कुत्र्याला घातली, कुणाची वहिनी चार दिवस म्हणून आली आणि अजून हलेना, हे सगळं तिथं यायचं. संध्याकाळी मालिका. साताऱ्याच्या शालूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं कौतुकसुद्धा शेरा मारल्यासारखं यायचं. नाशिकची तेजस्वी सगळ्यांत लहान. दातांच्या एका दवाखान्यात ती पुढं बसून पेशंटांची नावं पुकारायची आणि मधल्या वेळात ग्रुपवर खिदळायची.

आता मनिषाला पुढचं कसं दिसायचं ते सांगतो. त्यात जादू काडीची नव्हती. ती मालिका मुळात कन्नड. नावं बदलून, साड्या बदलून ती मराठीत आणलेली. कन्नडमधली सुगुणा आज जिथं रडत होती, तिथं मराठीतली सुकन्या सहा महिन्यांनी रडणार होती. यल्लव्वा रोज दुपारी जेवणाच्या ताटावर सुगुणा बघायची, आणि भात वाढता वाढता मनिषाही. बेळगावात ज्याच्या हातात रिमोट आहे त्याला हे ठाऊक असतं. पण साताऱ्यात कोण कन्नड चॅनल लावतंय?

पहिल्यांदा तिनं गंमत म्हणूनच लिहिलं होतं, “ती नवी मोलकरीण साधी नाही हं. धाकट्या सासूनं पेरलीय तिला.” काही दिवसांनी तसंच झालं आणि ग्रुपवर एकच कल्ला उठला. शालूबाईंनी लिहिलं, “मनिषा, तुला माणसं वाचता येतात. हे शिकवून येत नाही.” मनिषानं उत्तर लिहायला घेतलं, ‘अहो कसलं काय, आमच्याकडं कन्नडमध्ये...’ आणि तिथंच तिचं बोट थांबलं. तिनं शालूबाईंचं वाक्य पुन्हा वाचलं. तिला माणसं वाचता येतात, असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं आपलं लिहिलेलं पुसलं आणि हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं. सगळं पाप त्या जोडलेल्या हातांत आहे.

पुढं तिचं नावच ‘अंतर्यामी’ पडलं. सुकन्याच्या नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे म्हणून सगळ्या जणी त्याला शिव्या घालत होत्या, तेव्हा ही एकटी म्हणाली, “त्याच्या डोळ्यांत खोट नाही. थांबा आणि बघा.” कन्नडमध्ये ती बाहेरची बाई त्याची सावत्र बहीण निघाली होती, तेव्हा हिचं काय जातंय सांगायला! पण सांगायची पद्धत मात्र तिनं छान कमावली होती. थोडं थांबून, तुटक, जणू आतून काही उमटतंय असं.

दिवाळीनंतर तेजस्वीनं तिला ग्रुपवर नाही, एकटीला लिहिलं. लग्न ठरलं होतं. मुलाचं नाव मंथन. पगार चांगला, घरचे खूश, आई तर देवाला नारळ देऊन मोकळी झालेली. “पण परवा हॉटेलात तो वेटरवर ओरडला गं. किती ओरडला! आणि त्याच तोंडानं माझ्याकडं बघून हसला. घरी सांगितलं तर आई म्हणते, पुरुषमाणूस आहे, चिडणारच. मी उगाच घाबरतेय का? तू एकदा बघतेस त्याला? तुला कळेल.”

इथं सांगून टाकायचं होतं. मनिषालाही ते कळत होतं, कळत नव्हतं असं नाही. पण ‘तुला कळेल’ हे दोन शब्द असे होते की तिच्यानं ते परत करवेनात. तिनं लिहिलं, “व्हिडिओ कॉल लाव रविवारी.”

रविवारी ती परशरामला म्हणाली, “पाच मिन्टं माग थांबवा की हो.”

“कशाला?”

“मैत्रिणीचा नवरदेव बघायचाय फोनवर.”

“आणि तू बघून काय करणार?” परशराम हसला, पण माग बंद केले त्यानं. त्या हसण्यानं तिला जास्तच चेव आला.

इरकली नेसून, पावडर लावून, खिडकीच्या उजेडात ती बसली. कॉल लागला. तेजस्वी होती, शेजारी मंथन होता, गोरा, नीट भांग पाडलेला. त्यानं नमस्कार केला. मनिषा म्हणाली, “काय करता? घरी कोण कोण असतं?” त्यानं काय काय सांगितलं. ती मान डोलावत राहिली. मध्येच त्यानं बाजूला वळून कुणाला तरी काहीतरी म्हटलं आणि तेजस्वी गप्प झाली. त्या वेळी मनिषा पदर सारखा करत होती. मग पाच मिनिटं संपली, माग सुरू झाले, आणि संध्याकाळी तिनं लिहिलं, थोडं थांबून, तुटक: “साधा माणूस आहे. रागीट आहे पण मनात खोट नाही. निर्धास्त राहा.”

“तू म्हणालीस ना, आता मी बिनघोर,” तेजस्वीनं लिहिलं आणि मग साड्यांचे फोटो सुरू झाले.

माघात लग्न होतं. आणि ऐन लग्नाच्या आठवड्यात मराठीवाल्यांनी घात केला. गोष्ट बदलली त्यांनी. ती बाहेरची बाई सावत्र बहीण वगैरे कुणी नाही, खरीच बाहेरची निघाली, आणि सुकन्याचा नवरा पक्का बेरकी. डोळ्यांत खोट नसलेला तो माणूस साडेसात वाजता घराचे कागद चोरताना दिसला.

ग्रुपवर हशा पिकला. “अंतर्यामी चुकली!” “दक्षिणा परत द्या!” शालूबाईंनी लिहिलं, “हरकत नाही. चांगल्या विद्यार्थ्याचाही एखादा पेपर अवघड जातो.” दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्वीचा एकटीला संदेश आला. “त्याच्याबद्दल तू चुकलीस. मंथनबद्दल नाही ना चुकणार?”

दुपारी मनिषा भात वाढायला बसली तेव्हा सुगुणा आपल्या निष्पाप नवऱ्याला पुरणपोळी भरवत होती.

“काय झालंय गं तुला?” यल्लव्वानं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं. “सकाळपासनं तोंड पाडून फिरायलीस.”

“काय न्हाय, आत्ती. त्या मराठीवाल्यांनी गोष्ट बदलली. त्यो नवरा वाईट निघाला तिकडं.”

“बदलली तर बदलली. त्यांची गोष्ट हाय, त्यांनी बदलली. तू काय लिहिलीस व्हय ती? तुला गं कशाचं दुःख?”

“मी लोकास्नी सांगितलतं, त्यो चांगला हाय म्हणून.”

यल्लव्वानं आता मान वळवली. “तुला काय ठावं, त्यो चांगला हाय का वाईट? तू फक्त हितलं बघून तिकडं सांगितलीस.” एवढं बोलून ती पुन्हा सुगुणाकडं वळली. तिच्या लेखी विषय संपला होता. मनिषाला मात्र कुणीतरी भर चौकात पदर ओढल्यासारखं झालं.

तिची अन्नावर वासना राहिली नाही. ती मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर जाऊन बसली आणि लिहीत सुटली. सगळं लिहिलं. कन्नड मालिका, सुगुणा, सहा महिने, जोडलेले हात. “मला काही कळत नाही गं तेजस्वी. मला कधीच काही कळत नव्हतं. मी आधी बघितलेलं सांगत होते. मी लबाड आहे. मला माफ कर, नाहीतर नको करू, पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस.” पाठवताना तिचे कान गरम झाले होते.

निळ्या खुणा आल्या. बराच वेळ ‘टाइप करत आहे’ असं दिसत राहिलं. मनिषा शिव्यांची वाट बघत बसली. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी हसून लोळणारी चित्रं आली. मग, “बाई गं! म्हणजे तू चुकलीच नाहीस! त्यांनीच गोष्ट बदलली! किती घाबरले होते मी, रात्रभर झोप नाही. आणि तू लबाड आहेस हे शालूबाईंना सांगू नकोस हं, त्या गुण कापतील.” आणि लगेच खाली, “मालिकेचं सोड. मंथन तर कुठल्या मालिकेत नव्हता ना? त्याला तर तू स्वतः बघितलंस.”

मनिषा त्या ओळीकडं बघत राहिली. आत माग खडखडत होते. तिनं डोळे मिटून त्या रविवारचा मंथन आठवायचा प्रयत्न केला. नाक कसं होतं? आठवेना. आवाज? बाजूला वळून तो काय म्हणाला होता, आणि तेजस्वी गप्प का झाली? काही म्हणजे काही आठवेना. आठवत होता तो पडद्याच्या कोपऱ्यातला लहान चौकोन. त्यात ती स्वतः होती, इरकलीतली, खिडकीच्या उजेडातली, अंतर्यामीसारखी हळू मान डोलावणारी. पाचही मिनिटं ती तिकडंच बघत होती. आपण विचार करताना कशा दिसतो ते.

मालिकेची लबाडी सांगताना कान गरम झाले होते. आता सगळं अंग गार पडलं. एवढी लाज तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती. गप्प बसली असती तर तेजस्वी हसतच होती, आणि हे कुणाला कधी कळणारही नव्हतं.

तिनं लिहिलं, “नाही. मी त्याला बघितलंच नाही. मी सगळा वेळ कोपऱ्यात स्वतःलाच बघत होते. मला त्याच्याबद्दल काहीसुद्धा माहीत नाही.” आणि विचार करायच्या आत पाठवून दिलं.

निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळानं एक फोटो आला. पाटावर ठेवलेली दोन पावलं, घोट्यापर्यंत पिवळीधमक. खाली एवढंच लिहिलेलं, “हळद लागली.”

आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. उचलण्याआधी फोन आपलाच चेहरा आपल्याला दाखवतो, तसा सगळ्या पडद्यावर मनिषाचा चेहरा आला, केस विस्कटलेला, नाक लाल झालेला. तो चुकवायला जागा नव्हती. तिनं हिरव्यावर बोट ठेवलं. चेहरा आकसून कोपऱ्यात गेला, तेव्हा तिनं त्याच्यावर अंगठा दाबून धरला आणि समोर बघितलं.

तेजस्वी कुठल्यातरी न्हाणीघरात दार लावून बसली होती. मागं बायकांची गाणी ऐकू येत होती. गालांवरची हळद वाळून भेगाळली होती, आणि डोळे सुजलेले होते. ते आजचे सुजलेले नव्हते. बघणाऱ्याला ते कळलं असतं, त्या रविवारीसुद्धा कळलं असतं.

“तेजू,” मनिषा म्हणाली.

“घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं गं,” तेजस्वी हळू आवाजात म्हणाली. ती रागावलेली नव्हती. “एक तूच होतीस जिला मी विचारलं. आता कुणाला विचारू?”

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. पुरुषाचा आवाज होता, मंथनचा की आणखी कुणाचा, मनिषाला ओळखता आलं नाही.