रिव्हॉल्वर रेघेपलीकडे जात नाही

आमच्या गावच्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध एक पिवळी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे टेनेसी राज्य, पलीकडे व्हर्जिनिया. अलीकडे माझे डॅडी, ऑरिन टगल, राहायचे. पलीकडे बरोब्बर समोर त्यांचा थोरला भाऊ, वेंडेलकाका. डॅडी विधुर, काकांनी लग्नच केलं नाही. रोज सकाळी दोघं आपापल्या व्हरांड्यात कॉफी घेऊन बसायचे आणि एकमेकांना ओरडून टोमणे मारायचे. पण रस्ता कुणी ओलांडायचा नाही. "तो आला तर मी जाईन," असं दोघंही म्हणायचे. हे भांडण कशावरून सुरू झालं ते मी दोघांना विचारून पाहिलं. दोघांनाही आठवत नव्हतं.

याला वर्षातून एक दिवस सुट्टी होती. आजोबा वारले तेव्हा मागे एक रिव्हॉल्वर आणि दोन मुलगे राहिले. "एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे," हा आजोबांचा शेवटचा हुकूम. तेव्हापासून दर ऑक्टोबरात, आजोबांच्या वाढदिवशी, ज्याच्याकडे रिव्हॉल्वर असेल तो ते बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवायचा, चर्चला जायचा कोट चढवायचा आणि रस्ता ओलांडून दार ठोठावायचा. आतला विचारायचा, "कोण आहे?" अर्ध्या तासापासून खिडकीत उभा राहून वाट बघणारा माणूस हा! मग सफरचंदाचा केक निघायचा आणि संध्याकाळपर्यंत गप्पा चालायच्या. अशी एकतीस वर्षं झाली. त्या रिव्हॉल्वरमधून या काळात एकही गोळी सुटलेली नाही.

आता ऑगस्टमधली गोष्ट. डॅडी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि पाच तास तसेच पडून राहिले. सकाळी व्हरांड्यात डॅडी दिसले नाहीत हे वेंडेलकाकांनी बघितलं होतं. त्यांनी काय केलं असेल? बारा मैलांवर राहणाऱ्या मला फोन केला.

"काका, तुम्ही समोर राहता! जाऊन बघायचं नाही?" मी किंचाळलेच.

"गेल्या ऑक्टोबरात तो आला, तो काय मला बघायला आला होता?"

"रिव्हॉल्वर द्यायचं होतं म्हणून आले होते!"

"तेच म्हणतोय मी. आज काही नव्हतं न्यायला."

हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोर होता, की या माणसानं एकटं राहता कामा नये. मी माझ्या घरी बोलावलं, नको. काकांच्या घरात तीन खोल्या रिकाम्या पडल्यात, तिकडे जा म्हटलं, तर म्हणे, "मी व्हर्जिनियात मरणार नाही." जसं काही मरायला आज रात्रीचीच गाडी पकडायची होती.

त्यात मी जूनपासून मर्ल स्टोक्सच्या दुकानात काउंटरवर लागले होते. दुकान टेनेसीच्या बाजूला. गळ, काडतुसं, बंदुका, सगळं मिळतं. मर्लनं पहिल्याच दिवशी नियमांचं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाला, "पाठ कर." मी केलं. एका पानावर आले आणि ते तीनदा वाचलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी ते पुस्तक घेऊन रस्त्यावर गेले. दोघं एका घरात यायला तयार नाहीत, म्हणून पिवळ्या रेघेवर उभी राहिले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"एका राज्यातल्या माणसानं दुसऱ्या राज्यातल्या माणसाला पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर परस्पर द्यायचं नाही. विकत नाही, भेट नाही, काही नाही. घेणारा ज्या राज्यात राहतो तिथल्या परवानाधारक दुकानात ते आधी जमा करायचं. तिथं घेणाऱ्यानं ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, चौकशी व्हायची, मग ते हातात मिळणार. नाहीतर पाच वर्षांपर्यंत तुरुंग."

"नादीन, जोरात वाच," काका ओरडले. "तुझ्या बापाला ऐकू येत नाही."

"मला सगळं ऐकू येतं! तुझंच ऐकायचं नसतं," डॅडी इकडून.

"मग ऐक. एकतीस वेळा गुन्हा. दीडशे वर्षांच्या वर होतात, लेका!"

"सोळा वेळा तू घेतलंस, पंधरा वेळा मी. तुझी शिक्षा जास्त."

मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मी त्याला हात दाखवला आणि पुढचं वाचलं. "मृत्युपत्रानं मिळालं तर मात्र फॉर्म लागत नाही."

सध्या रिव्हॉल्वर काकांकडे होतं.

"म्हणजे मी मेलो तरच?" काका म्हणाले.

"किती दिवस लागतील?" डॅडींनी विचारलं. "केक किती तारखेला करायचा ते ठरवायला बरं."

"आणि शिकारीला तात्पुरतं उसनं देता येतं," मी म्हटलं, "पण तात्पुरतं म्हणजे वर्षभर नाही."

"ऑरिनच्या नेमाला वर्ष लागतंच!"

ट्रकवाला आता हॉर्न सोडून हसत होता.

शेवटी कायद्याप्रमाणेच करायचं ठरलं. वाढदिवशी मी डॅडींना दुकानात घेऊन आले. काका आपल्या गाडीतून मागून आले आणि निळा डबा मांडीवर घेऊन गाडीतच बसून राहिले, कारण मर्लनं आधी कागद बघतो म्हणून सांगितलं होतं. मर्लनं डॅडींचं लायसन्स हातात घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ऑरिन, हे संपून चार वर्षं झाली."

"मी गाडी चालवणं सोडलं म्हणून. नजर कमी झाली. माणूस तोच आहे."

"पत्तासुद्धा जुन्या मळ्याचा आहे."

"मर्ल, तू माझ्याबरोबर शाळेत मार खाल्लायस! मी कोण आहे ते तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. फॉर्मला माहीत नाही."

नवं ओळखपत्र काढायला तीस मैलांवर जायचं, रांगेत उभं राहायचं. डॅडींनी काउंटरवर मूठ आपटली. "त्र्याहत्तर वर्षं मी ऑरिन टगल आहे. आता तिथल्या पोरीला पटवून देऊ?" आणि ते बाहेर पडले. काकांच्या गाडीपाशी थांबले, डब्याकडे बघितलं, आणि माझ्या गाडीत येऊन बसले. काका डबा घेऊन परत गेले. त्या दिवशी केक कुणीच कापला नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. सकाळी व्हरांड्यात दोघं बसायचे, पण ओरडायचे नाहीत. डॅडी जेवण टाकायला लागले. मला स्वतःचाच राग यायचा. पुस्तक पाठ केलं नसतं तर काय बिघडलं असतं? कायदा माझ्या बाजूनं होता आणि मी घरातला एकुलता एक सण बंद पाडला होता.

तीन आठवड्यांनी दुपारी मर्लच्या दुकानात फोन आला. त्या हॉर्नवाल्या ट्रकवाल्याचाच होता. "बाई, तुमच्या म्हाताऱ्यांनी रस्ता अडवलाय."

मी धावत सुटले. डॅडींची मागे रेलायची मोठी खुर्ची पिवळ्या रेघेवर आडवी पडली होती. एका बाजूला डॅडी, दुसऱ्या बाजूला काका, दोघं धापा टाकत भांडत होते. दोन्हीकडे गाड्यांची रांग लागलेली.

"तू उचल म्हटल्यावर उचलायचं!"

"तू कधी म्हटलंस? तू फक्त खोकलास!"

"डॅडी! हे काय चाललंय?"

डॅडींनी बाहीनं घाम पुसला. "रिव्हॉल्वर रेघ ओलांडत नाही ना? मी ओलांडतो. मला फॉर्म लागत नाही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "एकाच राज्यात राहणाऱ्या भावाला भेट दिली तर?"

"व्हर्जिनियात चालतं," मी म्हटलं. "पण खरंच राहायला हवं. दिवसापुरतं नाही."

"दिवसापुरती खुर्ची कोण हलवतं, पोरी?"

मला रडू फुटलं. ऑगस्टपासून मी विनवण्या केल्या, डॉक्टरांनी सांगितलं, पाद्रीबाबांनी सांगितलं. जमलं कुणाला, तर मर्लच्या फॉर्मला! ट्रकवाला उतरला आणि खुर्चीचा एक पाय त्यानं धरला.

काकांनी पुढची खोली झाडून-पुसून ठेवली होती. पलंगावर धुतलेली चादर होती. न्हाणीघरात भिंतीला नवी कोरी दांडी बसवलेली दिसली, धरून उठायला. "ही कधी बसवलीत?" मी विचारलं.

"ऑगस्टमध्ये," काका पुटपुटले, आणि खुर्ची कुठं ठेवायची यावरून लगेच डॅडींशी भांडायला लागले.

पुढच्या रविवारी मी केक घेऊन गेले. राहिलेला वाढदिवस तेव्हा करायचा ठरला होता. डॅडी पुढच्या खोलीत कोट घालून बसले होते. काका दिसेनात. मी स्वयंपाकघरात गेले, तर काका कोट चढवून, निळा डबा काखेत मारून, मागच्या दारानं बाहेर पडत होते.

"काका, डॅडी इथंच तर आहेत! त्या दारातून आत द्या."

"तू गप गं," ते म्हणाले, आणि कुंपणाला वळसा घालून, काठी टेकत टेकत, पुढच्या बाजूला गेले.

दार वाजलं.

डॅडींनी केस नीट केले, घसा खाकरला.

"कोण आहे?"