चीज न धरणारी फ्लेक्का

जिच्या दुधाचं चीज नीट धरत नाही, अशी शेळी आस्लाकच्या गोठ्यात दुसरा हिवाळा बघत नसे. थंडी पडायच्या आत तो तिला खाटकाकडे धाडायचा. फ्योर्डच्या, डोंगरांमध्ये शिरलेल्या त्या खाडीच्या, या काठावर त्याच्या घट्ट चीजचा बोलबाला होता, आणि त्यामुळे गडी जरा हवेतच असायचा.

वाचली होती ती एकटी फ्लेक्का. तिच्या दुधाचा गोळा भुसभुशीत, हातात घेतला की सुटायचा. पण डोंगरावरून कळप घरी आणायची तीच, म्हणून आस्लाकची बायको तुरिद आडवी आली.

"तिला धाडलंस तर यंदा चीज तूच ढवळत बस," ती म्हणाली होती.

अशा घरात मुलगी जन्मली ती दुधाची अ‍ॅलर्जी घेऊन. सुन्निवाला गाईचं चालेना, शेळीचंही चालेना. ओठ सुजायचे, धाप लागायची. सगळे पावावर तपकिरी चीज ठेवत आणि पोर जॅम लावून खाई. आस्लाकला ते बघवत नसे. तो खिडकीबाहेर बघत जेवायचा.

एकदा शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चीज न धरणारी शेळी आहे का तुमच्याकडे? चीज घट्ट करणारं एक प्रथिन तिच्या दुधात जवळजवळ नसतं. काही मुलांना नेमकं तेच बाधतं. बाकीची प्रथिनं असतातच, त्यामुळे खात्री देत नाही. घरी थेंबही द्यायचा नाही, जे काही द्यायचं ते इथे, आमच्यासमोर."

आस्लाकचं तोंड उतरलं. "होत्या. मी सगळ्या कापायला दिल्या."

"सगळ्या नाही," तुरिद म्हणाली. "फ्लेक्का आहे अजून."

ठरल्या दिवशी फ्लेक्काचं उकळलेलं दूध इस्पितळात आलं. आधी थेंब, मग चमचा, मग घोट. प्रत्येक वेळी नर्स सुन्निवाचे ओठ बघायची, आस्लाक नर्सचा चेहरा. दुपार कलली तरी ओठ जसेच्या तसे होते.

"हिचं चालतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीच्या शेळ्यांपासून मात्र लांबच."

सुन्निवाने नाक मुरडलं. "बाबा, याला शेळीचा वास येतो. एवढ्यासाठी तू रोज पहाटे उठतोस?"

तुरिद खुदकन हसली. आस्लाकलाही हसायचं होतं, पण डोळेच भरून आले.

"हो गं," तो म्हणाला, "एवढ्याचसाठी."