साखळीवाल्याची पाठ

"अहो, तो पाय असा लांब करा. माझ्या थर्मासची नका काळजी करू, त्याला लाथा खायची सवय आहे," शेजारच्या जागेवरची नोरीन म्हणाली आणि बाकावरचं पांघरूण, शेंगदाण्यांची पिशवी, नवऱ्याचे हातमोजे असं सगळं तिनं एका झटक्यात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं.

लोवेल ट्रिंबल कुबडी टेकवत कसाबसा बसला. गुडघा पट्ट्यांनी आवळलेला होता, तो वाकायला तयार नव्हता. स्टेडियमचा बारावा विभाग, नववी रांग, चौथी जागा. एकतीस वर्षं ही जागा त्याच्या बायकोची, आर्डिसची होती, आणि तो आज पहिल्यांदाच तिथं बसत होता. आर्डिस मार्चमध्ये गेली. विद्यापीठाच्या कचेरीत ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये तिच्या नावाचा पास नेहमीसारखा टपालानं आला. लोवेलनं तो फ्रिजच्या दारावर लावून ठेवला आणि रोज सकाळी दूध काढताना त्याच्याकडे बघायचं टाळत राहिला.

त्याची स्वतःची जागा खाली, मैदानाच्या कडेला. तो अमेरिकन फुटबॉलमधला साखळीवाला. चेंडू हाती असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकावं लागतं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. ते दहा यार्ड मोजायला दोन नारिंगी खांब आणि मध्ये साखळी. शंका आली की साखळी मैदानात नेऊन ताणायची आणि चेंडूचं नाक खांबाला पोचलं की नाही ते पंचानं बघायचं. हे काम गावातलीच माणसं करतात. लोवेल आठवडाभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि शनिवारी पुढचा खांब धरून उभा राहायचा. निवृत्तीनंतर बसगाड्या सुटल्या, पण खांब काही सुटला नाही. गेल्या शनिवारी मात्र एक दांडगा पोरगा रेषेबाहेर येऊन त्याच्या अंगावर कोसळला, आणि डॉक्टरनं सरळ दम दिला की आता बर्फ पडून वितळेपर्यंत उभं राहायचं नाव काढायचं नाही.

"वरून कसं दिसतं?" नोरीनचा नवरा व्हर्जिल पलीकडून वाकून म्हणाला. हा माणूस टपालखात्यात होता आणि गावातल्या प्रत्येकाच्या घरी कोण काय वाचतं ते त्याला ठाऊक होतं.

"सगळं दिसतं," लोवेल म्हणाला. "खाली नुसते बूट दिसतात. आणि पोरांच्या तोंडची वाफ."

"मग आज मोकळे ओरडा! आज कोण अडवतंय तुम्हाला?"

लोवेल हसला. साखळीवाला गावचा असला तरी खेळ चालू असेपर्यंत तो पंचांचा माणूस. त्यानं टाळी वाजवायची नाही, हळहळायचं नाही, चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही. पहिल्याच वर्षी त्यानं एकदा आनंदानं उडी मारली होती. मुख्य पंच शांतपणे जवळ आला आणि म्हणाला, "मित्रा, नाचायचं असेल तर तिकीट काढून वर जा." तेव्हापासून लोवेलनं तोंड दगडाचं केलं, आणि त्याचा त्याला मनातून अभिमान होता. संघ हरला काय, जिंकला काय, याच्याकडे बघून कुणाला काही कळायचं नाही.

आणि संघ तरी कुठला? मॅकेंड्री स्टेटचे बगळे. ज्यांनी आपणहून बगळ्याचं नाव घेतलं त्यांच्याकडून डरकाळीची अपेक्षा कशाला करायची, असं गावातलेच लोक म्हणत. पण बगळे अगदीच टाकाऊ असते तर बरं झालं असतं. माणसानं आशा सोडली असती, शनिवारी अंगणातली पानं झाडली असती. हे तसंही करू देत नाहीत. धड बुडत नाहीत, धड तरत नाहीत. एखादा पोरगा चांगला निघाला की मोठी विद्यापीठं त्याला पैसे दाखवून हिवाळ्यात उचलून नेतात. बारा सामन्यांत सहा जिंकले की वर्षअखेरीच्या सामन्याचं आमंत्रण येतं, कुठंतरी उबदार गावी, टीव्हीवर. गेली अकरा वर्षं बगळे त्या उंबऱ्याला ठेच लागून पडत होते. यंदाही पाच झाले होते आणि हा शेवटचा सामना होता.

"हा मधूनच घालणार बघा," तिसऱ्या डावात व्हर्जिल कुरकुरला. 'हा' म्हणजे प्रशिक्षक. "एक यार्ड हवा असला की चेंडू त्या जाड्याला द्यायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचं. माझी सासूसुद्धा सांगेल की हा मधूनच घालणार."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस," नोरीन म्हणाली.

जाड्या मधूनच गेला, आणि भिंतीवर आपटला. व्हर्जिलनं टोपी बाकावर आपटली. लोवेललाही ओरडायचं होतं, पण तोंड उघडेना. एकतीस वर्षं बंद असलेलं दार एका दुपारी थोडंच उघडतं.

नोरीननं थर्मासच्या झाकणात गरम सफरचंदाचा रस ओतून त्याच्या हातात दिला. "आर्डिसला दालचिनी जास्त लागायची," ती म्हणाली आणि मग आपण बोललो ते बरं की वाईट, अशा नजरेनं त्याच्याकडे बघत राहिली.

"घ्या की नाव," लोवेल म्हणाला. "ती सुखानं गेली. तिला काही कळलंच नाही."

हे वाक्य त्यानं मार्चपासून पुष्कळांना सांगितलं होतं. पाद्र्याला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि ॲरिझोनाहून आलेल्या मुलीला, डेनीसला, तर भांडून सांगितलं. डेनीस म्हणत होती, "बाबा, आईला खरं सांगायला हवं होतं. तिचं आयुष्य होतं ते." लोवेल म्हणाला होता, "तू तिचा चेहरा पाहिला नाहीस. ती निर्धास्त होती." घडलं होतं ते असं. इस्पितळात डॉक्टरनं त्याला खोलीबाहेर बोलावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो पाच मिनिटं पाणी पिण्याच्या नळापाशी उभा राहिला, तोंड मैदानावरच्यासारखं केलं आणि खोलीत गेला. तरी डोळ्यांवर भरवसा नव्हता, म्हणून तो सरळ खिडकीशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून पडदा नीट करत म्हणाला, "आकडे चांगले आलेत म्हणे. सप्टेंबरपर्यंत तू तुझ्या जागेवर बसशील."

मागं थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग आर्डिस म्हणाली, "बरं. मग नवी लोकरी टोपी विणायला घ्यायला हवी."

त्यानंतर तिनं आजाराविषयी अवाक्षर काढलं नाही. तीन आठवड्यांनी गेली. तिला तो काही देऊ शकला नव्हता, पण ते तीन आठवडे भीतीशिवाय दिले, एवढंच त्याच्यापाशी होतं. रात्री त्या विचारावरच त्याला झोप लागायची.

शेवटची दीड मिनिटं राहिली तेव्हा बगळे वीस आणि पाहुणे चोवीस होते. चेंडू बगळ्यांकडे होता आणि पोरं पुढं पुढं सरकत होती. अख्खं गाव उभं राहिलं. लोवेलही कुबडीवर जोर देऊन उठला. चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी.

"मधून नको," व्हर्जिल हात जोडून म्हणाला. "देवा, एवढं एक माझं ऐक. मधून नको."

जाड्या मधूनच गेला. वीस-बावीस पोरांचा ढीग झाला. पंचांनी एकेकाला ओढून काढलं, तळाशी जाड्या चेंडूला पोटाशी धरून पडलेला होता. मुख्य पंचानं चेंडू जमिनीवर ठेवला, वाकून पाहिलं आणि साखळीला हात केला.

सगळीकडे एकदम चूप झालं. मग हळूहळू लोकांचा हुंकार सुरू झाला, कारण लांबून तर चेंडू पोचलेला दिसत होता. दोन रांगा पुढं एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन "झालं, झालं!" म्हणत नाचायलाच लागला. व्हर्जिलनं डोळे मिटून घेतले होते.

लोवेलला मात्र साखळीची वाट बघायची गरज नव्हती. खांब हातात नसला तरी सवय कुठं जाते? पहिल्या प्रयत्नाला साखळी कुठून सुरू झाली ते त्यानं न ठरवता टिपून ठेवलं होतं: एकेचाळिसाव्या रेषेचा अलीकडचा काठ. पुढं जाताना आकडे उतरत जातात, म्हणजे चेंडूचं नाक एकतिसाव्याच्या अलीकडच्या काठाला लागायला हवं. ते लागलं नव्हतं. वीतभर कमी होतं. खाली आज त्याच्या जागी असलेला ग्लेन त्याचा खांब घेऊन धावत मैदानात निघाला होता. पंधरा हजार माणसांचा जीव अजून त्या चेंडूत अडकला होता, आणि संपलंय हे एकट्या लोवेलला ठाऊक होतं. त्यानं सवयीनं तोंड दगडाचं केलं. आणखी अर्धं मिनिट या लोकांना आशा मिळतेय तर मिळू दे.

शेजारी नोरीन मात्र खाली बसली.

"बस रे, व्हर्जिल," ती म्हणाली. "गेलं."

"अगं, अजून साखळी ताणली नाही!"

"बस म्हणते ना. गेलं ते."

ग्लेननं खांब रोवला, साखळी ताणली गेली. पंच गुडघ्यावर बसला, उठला आणि त्यानं दोन्ही तळव्यांमध्ये एक वीत अंतर करून सगळ्यांना दाखवलं. मैदानातून असा आवाज आला, जसा मोठ्या घरातली सगळी माणसं एकदम सुस्कारा सोडतात. पाहुण्यांची पोरं उड्या मारत आली. पुढचा माणूस खांद्यावरचं पोर हळूच खाली उतरवत होता.

लोवेल नोरीनकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्याकडे बघून."

"मी तर काही बोललो नाही. चेहरासुद्धा..."

"चेहऱ्याचं कोण बघतंय!" नोरीन पांघरुणाची घडी घालता घालता म्हणाली. "ही आर्डिसची विद्या. त्या मेलीनं कधी धड खेळ पाहिला नाही. चौथा प्रयत्न म्हणजे काय, तेसुद्धा मीच तिला दर वर्षी नव्यानं सांगायची. ती फक्त तुमच्या पाठीकडे बघायची. साखळी आत गेली की म्हणायची, नोरीन, खांद्यावर लक्ष ठेव, उजवा खांदा पडला की आवरायला घे. म्हणायची, तोंड दगडाचं ठेवतो बिचारा, पण खांद्याला सांगायचं विसरतो." ती हसली. "पंचाच्या आधी आम्हाला निकाल कळायचा. पुढच्या रांगेतले लोक आर्डिसला बघून उठायचे आणि बसायचे."

लोवेलनं कुबडीचा दांडा घट्ट धरला.

"चुकली असेल कधीतरी," तो म्हणाला.

नोरीननं घडी घालायची थांबवून खरंच आठवून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

ती दोघं निरोप घेऊन निघाली. व्हर्जिल जाता जाता प्रशिक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. लोवेल जागेवर बसून राहिला. त्याला खिडकी आठवली, पडदा आठवला, आणि मागं शांत पडलेली ती खोली आठवली. तिला घरी आणल्यावर आर्डिसनं त्याला कपडे धुवायचं यंत्र कसं लावायचं ते शिकवलं होतं. लोकरीचे वेगळे, पांढरे वेगळे. दोनदा शिकवलं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून करवून घेतलं. तेव्हा त्याला वाटलं होतं, पडून पडून कंटाळली आहे, चाललंय तर चालू दे. एकदा तर तो वैतागून म्हणालाही होता, "तू बरी झालीस की तूच लाव की." ती म्हणाली होती, "हो, पण तुला येऊ दे." आणि टोपी तिनं विणली होती, ती त्याच्या मापाची निघाली.

तीन आठवडे ती सगळं जाणून होती. आणि त्याला वाटत राहावं की तिला माहीत नाही, म्हणून गप्प राहिली होती. एकटी.

लोवेलला रडू फुटलं. एकतीस वर्षं जे आवरलं होतं, त्यातलं त्याला आता काहीच आवरेना. तो टोपीत तोंड घालून मोठ्यानं रडला, त्या घशातून कधी निघाला नव्हता असा आवाज निघाला. जिन्यानं खाली जाणाऱ्या लोकांनी पाहिलं, पण कुणी थबकलं नाही. बगळ्यांसाठी म्हातारा माणूस रडला, तर मॅकेंड्रीत त्याचं कुणाला नवल वाटत नाही. उलट त्याला धक्का लागू नये म्हणून ते जरा बाजूनं जात होते.

एक अनोळखी माणूस, संघाचा निळा कोट घातलेला, क्षणभर थांबला. त्यानं लोवेलच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी, बाबा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघा, नक्की."

लोवेलनं वर न बघता मान हलवली. "हो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी."