उडेल की पडेल

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की पेठेतल्या त्या लॉजच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. खालच्या पायरीपासून वरच्या हॉलच्या दारापर्यंत माणसं एकमेकांना खेटून उभी असत. थिएटरवाले, पिक्चर वाटणारे एजंट, मध्यंतरात पॉपकॉर्न विकणारे, स्टँडवर गाड्या लावून घेणारे, सगळे येत. प्रत्येकाच्या बगलेत पोस्टरची गुंडाळी असे. एवढी गर्दी असूनही जिना मात्र गप्प. शेजारच्याला कोणी विचारत नसे की बाबा, तू कशासाठी आलास. त्या धंद्याची रीतच तशी होती. दारावर पोस्टर चिकटेपर्यंत कुठला पिक्चर घेतला हे सख्ख्या भाच्यालाही सांगायचं नाही.

वर हॉलमध्ये उडपडबुवा बसलेला असे. अंगात पांढरा कोट, डोळ्यांवर काळा चष्मा. तरुणपणी प्रोजेक्टरच्या झोतात टक लावून पाहिलं, त्यात बाहेरचे डोळे गेले आणि आतले उघडले, असं तो सांगे. बाहेरचे डोळे गेलेला हा माणूस जिन्यातली फुटकी पायरी मात्र न चुकता चुकवी. पण तिकडे कोणाचं लक्ष जात नसे.

उन्हाळ्यात येणारे मोठे पिक्चर, झगेवाल्या उडत्या वीरांचे, हाच त्याचा विषय. पोस्टर टेबलावर पसरायचं. वीराच्या मुखवट्यावरून, छातीवरच्या चिन्हावरून, झग्याच्या चुण्यांवरून तो हात फिरवी.

"मुखवटा म्हणजे काय? झाकलेला चेहरा. भविष्य म्हणजे काय? झाकलेला काळ. झाकलेल्याला झाकलेलंच ओळखतं," तो म्हणे. ऐकणाऱ्याला काहीच कळत नसे, आणि कळत नसल्यामुळेच ते खोल वाटे.

मग एकेकाला पडद्यामागे नेऊन तो कानात एकच शब्द सांगे. उडेल, म्हणजे पिक्चर चालेल, किंवा पडेल. आणि वर बजावी की हा शब्द ओठांवर आला की त्याचं बळ संपलं. घरीदारी कोणापाशी बोलायचं नाही. ज्यांचं खरं झालं त्यांचे फोटो मागच्या भिंतीवर चौकटीत लावलेले होते. भिंत जवळजवळ भरत आली होती.

त्या दिवशी हॉलच्या मागच्या कोपऱ्यात थोरले उभे होते. गुडघे दुखत होते आणि बसायला खुर्ची नव्हती. बाजाररस्त्यावरचं जुनं एकपडदा थिएटर दोघा भावांचं. अख्खी पेठ एकाला थोरले म्हणे आणि दुसऱ्याला धाकटे. खाली थिएटर आणि वर दोघांचा संसार. थोरल्यांचं आयुष्य अंधारात लोकांना जागा दाखवण्यात गेलं होतं. आता त्यांना कशाचाच उत्साह उरला नव्हता, वाद घालण्याचाही.

धाकटे पडद्यामागून बाहेर आले ते फुललेल्या चेहऱ्याने. काय शब्द मिळाला हे सांगायची गरजच नव्हती. वाटेत एवढंच म्हणाले, "दादा, उद्या दुपारी एजंट येतोय. सही करून टाकू."

सही होती 'पोलादी घार'च्या चौथ्या भागासाठी. एजंटची अट अशी की सुट्टीभर पडद्यावर तोच पिक्चर, दुसरा कोणताही लावायचा नाही, चालो वा न चालो. आणि नवी आवाजाची यंत्रं बसवायची, त्यासाठी वरच्या राहत्या घरासकट सगळी इमारत गहाण टाकायची. पिक्चर पडला तर घर आणि थिएटर दोन्ही जाणार. फर्निचरवाला व्यापारी गोदामासाठी जागा बघून गेलाच होता.

गेल्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं. बुवाने धाकट्यांना 'उडेल' म्हणून सांगितलं होतं आणि तिसरा भाग दणकून आपटला. रिकाम्या थिएटरच्या दारावर ते रोज संध्याकाळी हाऊसफुल्लची पाटी लावत. पेठेतले सगळेच थिएटरवाले लावतात. आपल्याकडे माश्या मारतोय हे समोरच्याला कळता कामा नये. मग धाकटे बुवाकडे तक्रार घेऊन गेले. बुवाने एकच विचारलं, कोणाला सांगितलंस? धाकट्यांनी बायकोला सांगितलं होतं, जेवता जेवता. झालं. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी धड बोलणं टाकलं. ही धाकटी पूर्वी तिकीट खिडकीवर बसायची, ओळखीच्या बाया तिच्याशी गप्पा मारायलाच लवकर यायच्या. आता ती खाली उतरतच नव्हती. आपल्या कानावर काही पडलं की घर बुडतं, असं तिच्याही मनाने घेतलं होतं. यंदा धाकटे मुकाट जेवत होते. शब्द जपत होते.

थोरल्यांना हे सगळं दिसत होतं. पण रोज रोज समजावून जीभ झिजली होती. होऊ दे एकदाचं, अशा विचाराने ते संध्याकाळी बाल्कनीत बसले होते, तेवढ्यात त्यांची लेक आली.

लेक शाळेत गणित शिकवायची. तिला दिली होती रस्त्यापलीकडे, समोरच्याच थिएटरच्या घरात. लग्न ठरलं तेव्हाच दोन्ही घरांनी एक बोली केली होती: नात्याने जेवायला बोलवायचं, दुखण्याखुपण्याला धावून जायचं, पण धंद्याचा शब्द रस्ता ओलांडणार नाही. लेकीने ती बोली इतकी कसोशीने पाळली होती की समोर कुठला पिक्चर लागणार हे थोरल्यांना पोस्टर पाहूनच कळायचं.

थोरल्यांनी सहीचं सगळं तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "बाबा, मी इकडचं तिकडे करणार नाही, तुम्हाला माहीत आहे. पण बुवा फक्त काकांनाच भेटलाय का? रस्ता काही फार रुंद नाही. तुम्ही स्वतः जाऊन का विचारत नाही?"

"व्याह्यांना? धंद्याचं?"

"घर जायची वेळ आली तरी नाही विचारायचं?"

थोरल्यांनी चपला घातल्या. इतक्या वर्षांत ते समोर गेले होते ते बारशाला, साखरपुड्याला, नाहीतर कोणी आजारी असताना. कामासाठी आज पहिल्यांदाच.

समोरचे व्याही ऑफिसात पंख्याखाली बसले होते. विषय ऐकताच त्यांचा चेहरा आखडला. बोलीची आठवण करून देऊन ते म्हणाले की थोरल्यांकडून ही अपेक्षा नव्हती. थोरले खुर्चीत टेकले.

"व्याही, मी दमलोय हो. चढाओढ करायला आलो नाही. धाकट्याला बुवाने यंदाची घार उडेल म्हणून सांगितलंय आणि उद्या तो घर गहाण टाकतोय. तुम्हाला काय सांगितलंय तेवढं सांगा. मग वाटल्यास मला हाकलून द्या."

व्याह्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "काय म्हणालात? उडेल?"

"उडेल."

"मला तर पडेल म्हणाला. म्हणून मी ती सोडली आणि विनोदी पिक्चर घेतला." मग त्यांना आठवलं. "गेल्या वर्षीही मला पडेल म्हणाला होता. पडली, तुमच्या दारावर पाटी होती पण गर्दी दिसत नव्हती. म्हणून तर माझा फोटो लावलाय तिथे."

"गेल्या वर्षी आम्हाला उडेल म्हणाला होता."

मग व्याही उठले, स्वतःच्या हाताने थोरल्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "सकाळी दोघं मिळून जाऊ. मला माझा फोटो काढून आणायचाय."

सकाळी हॉल भरलेलाच होता. थोरले, व्याही आणि लेक वर गेले. धाकटेही मागून आले, दादाने काहीतरी घोळ घालू नये म्हणून. थोरले रांग सोडून टेबलापाशी गेले, तेव्हा लोकांनी कुरकुर केली.

"बुवा, मला कानात काही नको. माझा भाऊ आणि हे माझे व्याही, दोघांना तुम्ही एकाच पिक्चरचं सांगितलंत. एकाला उडेल, एकाला पडेल. त्यातलं खरं कुठलं, एवढंच विचारायचंय."

बुवाने चष्मा सारखा केला. शब्द फोडलात, म्हणाला, त्याचं बळ गेलं, आता घार काय करील ते मी सांगू शकत नाही. धाकट्यांचा चेहरा पडला. त्यांनी भावाचा दंड धरून मागे ओढायला सुरुवात केली.

लेक म्हणाली, "शब्द फुटला काल संध्याकाळी. तुम्ही तर तो त्याच्या आधीच दिला होता. देताना तरी तो एकच असायला हवा होता."

मग बुवाने नवीच वाट काढली. प्रत्येक थिएटरची कुंडली वेगळी, म्हणाला. एकच पिक्चर एका दारात उडेल आणि दुसऱ्या दारात पडेल.

"आमचा रस्ता बघितलाय का तुम्ही?" व्याही म्हणाले. "माझ्याकडे पडद्यावर बॉम्ब फुटला की ह्यांच्याकडे लोकांच्या हातातलं पॉपकॉर्न सांडतं."

मागे कोणीतरी हसलं. थोरल्यांनी वळून लोकांकडे पाहिलं. सगळे ओळखीचे चेहरे, आणि सगळे त्यांच्याइतकेच थकलेले. ते म्हणाले, घारीबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलं असेल त्यांनी काही बोलू नका, नुसते बाजूला व्हा. ज्यांना उडेल सांगितलं ते खिडकीकडे, ज्यांना पडेल सांगितलं ते दाराकडे.

बराच वेळ कोणी हललं नाही. जन्मभराची सवय. मग पॉपकॉर्नवाला पुटपुटला की मला काय, मी सगळीकडेच विकतो, आणि खिडकीकडे गेला. त्याच्यामागे एक एजंट दाराकडे गेला. मग एकेक करत माणसं सरकू लागली. थोड्या वेळाने जवळजवळ अर्धी गर्दी खिडकीपाशी होती आणि अर्धी दारापाशी. समोरासमोर उभे राहून ते एकमेकांना मोजत होते. मध्ये टेबल, टेबलावर घारीचं पोस्टर, आणि त्याच्यामागे बुवा.

"हे गणित माझ्या शाळेतल्या मुलांनाही जमेल," लेक म्हणाली. "अर्ध्यांना हो सांगायचं, अर्ध्यांना नाही. पिक्चर काहीही करो, अर्धे खूश होणारच. त्यांचे फोटो भिंतीवर लागतात. उरलेल्या अर्ध्यांचं काय होतं? बुवा त्यांना काय विचारतात?"

"कोणाला सांगितलंस म्हणून," गाड्यांच्या स्टँडवाला म्हणाला.

"आणि तुम्ही सांगितलेलं असतं."

"बायकोला," तो खाली मान घालून म्हणाला.

"मी आईला," खिडकीजवळून एक एजंट म्हणाला. मग बरेच जण हळूहळू बोलू लागले. कोणी मेहुण्याला सांगितलं होतं, कोणी भागीदाराला. काहीच न सांगितलेला एकही निघाला नाही. जो नियम कोणालाच पाळता येणार नाही, तोच बुवाने घातला होता. चूक झाली की ती आपलीच, आणि आपली चूक कोण चारचौघांत बोलेल? त्यात दारावर हाऊसफुल्लची पाटी. आपटलेल्या माणसाला वाटे, आपणच एकटे आपटलो.

व्याही म्हणाले, "चला बुवा, झालं गेलं सोडा. आता सगळ्यांसमोर, मोठ्याने, एकच शब्द सांगा. घार उडेल की पडेल? खरं झालं तर मी स्वतः तुमचा फोटो माझ्या थिएटरात लावतो."

बुवा म्हणाला की आज उजेड अनुकूल नाही. मग घसा बसलाय म्हणाला. मग उठला आणि पडद्यामागे गेला, वाटेतलं स्टूल बरोबर चुकवून.

थोरल्यांना वाटलं होतं की लोक चिडतील. पण फार काही झालं नाही. काहींनी पोस्टरं गुंडाळली आणि ते खाली उतरले. दोघे-तिघे तिथेच रेंगाळले. त्यांतला एक पडद्याच्या फटीतून हळूच विचारत होता, आमचं तेवढं दुपारी बघाल का म्हणून. थोरल्यांनी ते ऐकलं आणि ते कठड्याला धरून जिना उतरले.

रस्त्यावर धाकट्यांनी विचारलं, "मग दादा, पिक्चर चालेल की नाही?"

"मला माहीत नाही."

"मग करायचं काय?"

"माहीत नाही असंच धरून करायचं. घर गहाण टाकायचं नाही. एजंट आठवड्याच्या बोलीवर देत असेल तर घ्यायचा. नाही देत तर व्याह्यांना विचारून दुसरा बघायचा."

दुपारी एजंट आला. आठवड्याची बोली त्याला पटली नाही आणि तो कागद घेऊन परत गेला. धाकट्यांनी त्याला थांबवलं नाही. ते वर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. धाकटी भांडी पुसत होती. थोरले बाहेरच्या खोलीत होते, त्यांना ऐकू येत होतं.

"गेल्या वर्षी तुझं काही चुकलं नव्हतं," धाकटे म्हणाले. "त्याने निम्म्या पेठेला तसंच सांगितलं होतं."

धाकटीने हातातलं ताट खाली ठेवलं. वर्षभर साठलेलं काही बोलेल असं थोरल्यांना वाटलं. पण ती साध्या आवाजात म्हणाली, "पिक्चरच रद्दी होता हो. पहिल्या दिवशी मी खिडकीवर होते, पहिला खेळ सुटून बाहेर पडणारी माणसं काय बोलत होती ते ऐकलंय मी. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

उद्या पडद्यावर काय चालेल, हे ना मुखवट्याला कळतं ना चष्म्याला. कळत नाही, हे सोसायला जड जातं, म्हणून तर बुवांचे जिने भरतात. पण बाहेर पडणारी माणसं काय बोलतात ते ऐकता येतं, शेजाऱ्याला विचारता येतं, आणि जेवढं बुडालं तरी घर उभं राहील तेवढंच पणाला लावता येतं. आणि ज्याने कोणी तुमच्या कानात काही सांगून वर कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं असेल, त्याचं बोलणं सगळ्यात आधी घरी जाऊन सांगा.