जाडी, बारकी आणि रबरी जठर

मी वजन कमी करायच्या शस्त्रक्रियांची समुपदेशक आहे. म्हणजे दवाखान्यात टेबलामागे बसून रुग्णांना रबराचं जठर उघडून दाखवते आणि 'काही होत नाही हो' असं म्हणते. टेबल मुद्दाम मोठं मागून घेतलंय. त्याच्यामागे मी फक्त मानेपासून वर दिसते, आणि मानेपासून वर मी बरी आहे.

परवा समोरच्या रुंद कोचावर माझी सख्खी ताई येऊन बसली. तिची साखर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पायाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती, आणि असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ऑपरेशन कर म्हणून मी वर्षभर तिच्या मागे लागले होते. आली तीसुद्धा माझं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून.

मी जठर पुढे ओढलं. त्याचे तुकडे वेल्क्रोने जोडलेले असतात. "हे बघ, पहिला प्रकार स्लीव्ह." चर्रकन मोठा तुकडा सोलून काढला. "जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. थोड्या खाण्यात पोट भरतं. आणि भूक लावणारं रसायन बहुतेक या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते."

"आणि मला सांगितलाय तो?"

"बायपास. वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करतात आणि आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. अन्न मधला रस्ता टाळून जातं. खाल्लं कमी जातं, अंगी कमी लागतं, साखर लवकर ताब्यात येते. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभर."

"तो फुगा का काय असतो ना?"

"तो तोंडावाटे आत घालून फुगवतात, काही महिन्यांनी काढतात. ते ऑपरेशन नव्हे. एक पट्टाही असतो, जठर वरून आवळणारा, पण हल्ली तो फारसा कोणी बसवत नाही."

"एवढं तोंडपाठ आहे, मग तू का नाही करून घेतलंस?"

"अगं, माझं कुठे एवढं आहे?" मी म्हटलं. घरात लहानपणापासून ताई जाडी आणि मी बारकी. तिच्यापेक्षा बारकी, एवढाच त्याचा अर्थ. पण मी चाळिशी उलटली तरी त्या शब्दाच्या जिवावर मजेत जगत होते.

"बारके, त्या काट्यावर उभी राहा बघू."

रोज मी लोकांना त्या वजनकाट्यावर चढवते, वर 'लाजायचं काय त्यात' असंही ऐकवते. आता मात्र मला एकदम एका रुग्णाला फोन करायचा आठवला. ताईने लंगडत जाऊन दार लावून घेतलं. मी चपला काढल्या, स्वेटर काढला, कानातले काढले. घड्याळही काढलं. शेवटी श्वास सोडला, तेवढाच भार हलका.

ताईच्या फाइलीत लिहिलेल्या वजनापेक्षा चार किलो जास्त!

मला वाटलं, ही आता हसून हसून लोळणार. तिच्या जागी मी असते तर शेजारच्या खोलीतल्यांनाही बोलावून दाखवलं असतं. पण ती हसली नाही.

"काही त्रास होतो का गं?"

"जिना चढताना धाप लागते. झोपेत श्वास अडकतो, दचकून उठते." हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मग करत का नाहीस?"

माझ्याकडे या प्रश्नाची छान छान उत्तरं आहेत, मी ती दिवसभर वाटते. ताईपुढे मात्र खरं तेच बाहेर आलं. "मला भीती वाटते, ताई. झोपवलं आणि उठलेच नाही तर? धोका अगदी कमी असतो, मीच सगळ्यांना सांगते. पण स्वतःचा विषय निघाला की माझाच त्यावर विश्वास बसत नाही." आणि मला रडू फुटलं. रुग्णांसाठी ठेवलेला टिश्यूचा डबा ताईने माझ्यापुढे सरकवला.

"वर्षभर तू म्हणत होतीस, काही होत नाही," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्या जगात मी एकटीच भित्री. म्हणून टाळत राहिले. हे आधी बोलली असतीस तर माझा अंगठा एव्हाना बरा झाला असता."

मी फोन उचलला आणि ऑपरेशन करणाऱ्या सरांकडे ताईसाठी तारीख मागितली. दुसरी, माझ्यासाठीची, न मागताच फोन ठेवायला निघाले, तेव्हा ताईने माझ्या हातातून फोन घेतला आणि ती मागितली.